क्लबमधला कानबाईचा ठेका

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी जळगावला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. गाव पहूरजवळचं, शेतात कापूस आणि थोडी केळी. कॉलेजात मी जपून बोलायचो. 'मले', 'तुले' तोंडून निघालं की मागच्या बाकावरून कुणीतरी तेच परत म्हणून दाखवायचं. त्यामुळे घरातल्या गोष्टी मी कधी काढत नसे. एक गोष्ट तर कुणालाच सांगितली नव्हती. माझ्या आईच्या अंगात यायचं.

वर्षातून एकदाच, श्रावणात, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या विसर्जनाला. मिरवणुकीत ढोलाचा एक ठरलेला ठेका चढत जायचा आणि आईची मान हलायला लागायची. अंबाडा सुटायचा. मी लहानपणापासून तिच्या डाव्या कोपराला धरून चालायचो. गावात याचं कुणाला नवल नव्हतं. बायका येऊन पाया पडायच्या. एक नियम मात्र सगळे पाळायचे. ढोल एकदम थांबवायचा नाही. बाईच्या पावलांकडे बघत बघत ठेका उतरवत आणायचा. एका वर्षी कुणीतरी पिऊन आला आणि त्यानं ढोलवाल्याचा हात धरला. आई उभ्या जागी कोसळली. पुढे किती दिवस ती नुसती भिंतीकडे बघत बसून होती. मी तेव्हा शाळेत होतो. ते दिवस मी विसरलेलो नाही.

माझा खोलीतला जोडीदार धुळ्याचा होता. त्याच्या वडिलांचा लग्नाचा बँड होता. चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे बँडचा कीबोर्ड, ठेके भरून वाजवायचं रिदम मशीन आणि छोटा मिक्सर तो सरळ आमच्या खोलीवर घेऊन आला. कीबोर्डवर त्याची बोटं पाण्यासारखी फिरायची. मशीन माझ्याकडे आलं, कारण माझा विषय इलेक्ट्रॉनिक्स होता आणि ते मशीन समजून घ्यायची चिकाटी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. कॉलेजच्या गणपतीत आम्ही दोघांनी वाजवलं, ते शहरातल्या एका क्लबच्या सेक्रेटरीनं ऐकलं. पेशानं ते डॉक्टर होते. क्लबात बॅडमिंटन आणि पत्ते चालायचे. आता तरुण सभासदांना नाचाची संध्याकाळ हवी होती.

"फिल्मी गाणी घरोघरी वाजतात," सेक्रेटरी म्हणाले. "आमच्या क्लबची स्वतःची कॅसेट पाहिजे. दोन्ही बाजू नॉनस्टॉप. लोकांचे पाय थांबता कामा नयेत. जमलं तर सगळ्या सभासदांना कॉपी देऊ."

आम्ही खोलीच्या दाराला गोधडी टांगली, पंखा बंद केला आणि घामानं निथळत रेकॉर्डिंगला बसलो. दोन कॅसेट डेक होते. एकावरचं वाजवायचं, त्यावर नवीन वाजवायचं आणि दुसऱ्यावर उतरवायचं. पहिली बाजू झाली. दुसरी अर्ध्यावर आली आणि जोडीदार हात गुडघ्यांवर ठेवून बसला. मनातलं बोलायचं असलं की तो अहिराणीत शिरायचा.

"भो, बठ्ठं इलायती लागी ऱ्हायनं. यामा आपलं काय शे?"

सगळं विलायती झालं होतं आणि त्यात आपलं काही नव्हतं, हे खरंच होतं. त्यानं बिस्किटाचा रिकामा डबा ओढला आणि त्यावर बोटांनी कानबाईचा ठेका धरला.

"हाऊ टाक मशीनमा. तुमच्याकडंबी हाच वाजतो ना?"

"वाजतो," मी म्हणालो. "पण देवीचा आहे तो."

"मग देवीले काय नाच वर्ज्य शे का?"

हसावं की काय करावं मला कळेना. क्लब जळगावात आहे, आई गावाला आहे, असा विचार करून मी बटणं दाबत गेलो. खरं सांगायचं तर ते फार छान झालं. खाली कीबोर्डचा जाड, घुमणारा सूर आणि वर तो चढत जाणारा ठेका. मशीन दमत नव्हतं, चुकत नव्हतं. शेवटाला आम्ही ते इतकं चढवलं की ढोल वाजवणाऱ्या माणसाचे हात गळून पडले असते. मग उरलेली दुसरी बाजू आम्ही त्या तुकड्यासाठीच बांधली.

कार्यक्रमाच्या दिवशी आई आणि आबा जळगावला आले. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आईचे डोळे दाखवायचे होते. मी प्रॅक्टिकलला गेलेलो असताना ते दवाखाना उरकून खोलीवर पोचले. परत आलो तर आई माझ्या छोट्या आरशात बघून केस विंचरत होती.

"तुह्या दोस्तानं बलावलं आम्हाले," ती म्हणाली. "क्लबात. तुमचं वाजवनं आहे म्हने."

"आई, तिथं सगळं इंग्लिश असतं. तू कंटाळशील."

"मले कुठं इंग्लिश बोलायचं आहे?" ती म्हणाली. "तू वाजवशील, मी पाहीन."

आबा म्हणाले, "बसू आम्ही कोपऱ्यात. तुले लाज वाटत असंन तं वळख नको दाखवू." ते गमतीनं म्हणाले होते. मला मात्र तोंड वर करून बघवेना.

रिक्षात सामान चढवताना मी जोडीदाराला म्हणालो, "शेवटचं ते नको वाजवायला."

"का?"

"लांबतं."

"खुळा झाला का? नॉनस्टॉप बाजू आहे, शेवट काय कात्रीनं कापू? अन् तेच तर आपलं हुकमी पान आहे."

खरं कारण सांगायला तोंड उघडलं तेव्हा रिक्षा सुरू झाली. ते निमित्त मला पुरलं.

हॉलमध्ये कॅसेट डेकवर लागणार होती आणि जोडीदार वरून कीबोर्ड वाजवणार होता. टेप गुंतली तर आधार म्हणून मशीनही जोडून ठेवलं होतं. आई-आबांना मी भिंतीशी, दाराजवळच्या खुर्च्यांवर बसवलं. मनात हिशेब असा, की तुकडा जवळ आला की पाणी प्यायला म्हणून त्यांना बाहेर न्यायचं.

पहिली बाजू संपली तेव्हा मुलं शिट्ट्या मारत होती. साड्यांतल्या बायकासुद्धा घोळक्यानं नाचायला लागल्या होत्या. सेक्रेटरींनी आम्हाला लांबूनच अंगठा दाखवला. दुसरी बाजू लागली. वेळ साधून मी स्टेजवरून उतरलो आणि गर्दीतून दाराकडे निघालो. तेवढ्यात एक सभासद माझा हात धरून म्हणाला, "अरे, ही कॅसेट विकत मिळणार का?" त्याच्याशी बोलून सुटेपर्यंत ठेका सुरू झाला.

आईची खुर्ची रिकामी होती.

ती नाचणाऱ्यांच्या मधोमध होती. अंबाडा सुटला होता, मान गोल फिरत होती. लोकांना आधी वाटलं, गावाकडची कुणी बाई मजेत नाचते आहे. एक तरुण तिच्यासमोर येऊन तसेच केस फिरवल्याची नक्कल करायला लागला. त्याचे मित्र हसले. मग आईनं हुंकार दिला आणि त्याच्या भोवतीची माणसं मागे सरली. आबा पोचले होते आणि तिला धरायला बघत होते, पण एकट्या माणसाला ती आवरत नसे.

"बंद करा ते!" सेक्रेटरी डेककडे धावले. "बाईंना फिट आली आहे! बंद करा!"

मी स्टेजवर उडी मारली. "बंद नका करू!" मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की तो माझा आवाज वाटेना. जोडीदाराला म्हणालो, "त्यांना डेकला हात लावू देऊ नको. विचारू नको काही."

त्यानं विचारलं नाही. कीबोर्ड सोडून तो डेकच्या पुढे उभा राहिला. "सर, एक मिनिट. सर, पाया पडतो, एकच मिनिट."

कॅसेटमधला ठेका चढतच होता. तो उतरवायचा काहीच उपाय माझ्या हातात नव्हता. एकच करता येत होतं. मशीनवर तोच ठेका, त्याच चालीवर, बरोबर त्याच ठोक्यावर सुरू करायचा, मग कॅसेटचा आवाज कमी करून हॉल मशीनच्या ताब्यात घ्यायचा. मी वेग लावला आणि बटण दाबलं. चुकलं. दोन ढोल एकमेकांवर आदळले आणि आईचं सगळं अंग ताठ झालं, पाय अडखळले. आबा ओरडले, "अरे, काय करतो!" मी मशीन बंद केलं. डोळे मिटले तर ठेका नीट ऐकू येईल असं वाटलं, पण डोळे मिटून चालणार नव्हतं. मी तिच्या पावलांकडे बघितलं. उजवा पाय पडला, डावा पडला, पुन्हा उजवा पडला तेव्हा मी बटण दाबलं.

बसला.

कॅसेट हळूहळू खाली घेतली. आता फक्त मशीन वाजत होतं आणि वेगाचं चाक माझ्या बोटाखाली होतं. केसाएवढं मागे. थांबलो. तिची पावलं त्या वेगाला आली का बघितलं. पुन्हा केसाएवढं मागे. सभासदांपैकी एक वयस्क बाई चपला काढून पुढे गेल्या आणि त्यांनी आईचं डावं कोपर धरलं. कसं धरायचं ते त्यांना माहीत होतं. आई डोलायला लागली, मग नुसती उभी राहिली आणि आबांच्या खांद्यावर तिनं डोकं टेकलं. शेवटचा ठोका पडला तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

सेक्रेटरींनी आईची नाडी बघितली. ते वाईट गृहस्थ नव्हते. "कुणाच्या बरोबर आल्यात या?" त्यांनी विचारलं.

"माझ्या मावशी आहेत," जोडीदार लगेच म्हणाला.

"माझी आई आहे," मी म्हणालो.

ते जरा अवघडले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "कॅसेट झकास आहे. फक्त हा शेवटचा भाग काढून टाका. पुन्हा असला प्रकार नको. लगेच कॉपी काढायला देतो."

"नाही काढणार," मी म्हणालो. आयुष्यात मोठ्या माणसाला एवढं सरळ नाही मी पहिल्यांदाच म्हटलं असेन. जोडीदार चमकून माझ्याकडे बघत राहिला.

बसस्टँडवर आईनं पदर नीट घेतला आणि विचारलं, "लोकं हसले का रे?"

खोटं बोलावंसं वाटलं. "एकजन हसला," मी म्हणालो. "मंग हसायचा थांबला."

"बरं," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "तुले बोल बसला असंन."

"नाही बसला."

आबा मला पाण्याच्या नळाकडे घेऊन गेले. "ते कॅसेट गावाकडं आनू नको," ते हळूच म्हणाले. "मानसाच्या हातचा ढोल असला तं त्याले म्हनता येते, बापा, उतरव. कोन्या पोरानं टेप लावला अन् तुही आई घरी एकटी असली, तं त्या डब्याले कोन सांगंन?"

आमच्या आळीत तेव्हा दोन घरी टेपरेकॉर्डर होते. क्लबच्या कॉप्या निघाल्या असत्या तर त्या कुठे कुठे पोचल्या असत्या, कोण सांगणार. बस हलली तेव्हा आईनं खिडकीतून हात केला. डोळ्यांत औषध घातलेलं असल्यामुळे तिला मी नीट दिसत नव्हतो, आणि तिनं हात केला तो दुसऱ्याच एका मुलाला.

खोलीवर जोडीदार जागा होता. मी म्हणालो, "ते काढू."

"सेक्रेटरीला तर मोठा नाही म्हणालास."

"त्यांच्यासाठी नाही काढत."

मी त्याला सगळं सांगितलं. लहानपणापासूनचं. तो बराच वेळ कीबोर्डच्या खोक्याची दोरी गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "आधी सांगतास तर मी तो डबा हातात घेतला असता का?" त्याच्या आवाजात राग होता, आणि तो बरोबर होता.

त्या जागी दुसरं काही भरावं असं आमच्यापैकी कुणीच सुचवलं नाही. डेक सुरू करून आम्ही तेवढा भाग कोरा केला आणि कॅसेट तशीच क्लबला दिली. पुढे क्लबातल्या लोकांची तक्रार यायची, की दुसरी बाजू ऐन रंगात आली की बंद पडते, नाचणारे मधेच उभे राहतात. सेक्रेटरींनी दोनदा निरोप पाठवला. आम्ही दोघंही गेलो नाही.