हार घातलेला फोटो

आमच्या वर्गात आता फळा नाही, भिंतीएवढा पडदा आहे. एका इच्छुक उमेदवाराने निवडणुकीच्या तोंडावर तो शाळेला दिला आणि फीत कापून गेला. वीज गेली की वर्गाने काय करायचं, हे त्याला विचारायचं आमचं धाडस झालं नाही. मुलं पडद्याला टीव्हीच म्हणतात. माझा फोन जोडला की फोनमधलं सगळं भिंतीवर दिसतं. त्याच फोनमध्ये मतदारयादीचं ॲपही आहे, कारण शिक्षक म्हणजे सरकारी सांगकाम्या. याद्या करा, माणसं मोजा, आणि उरल्या वेळात शिकवा.

एका रविवारी मी यादी तपासायला बदलापुरात खरवईकडच्या नव्या इमारतींमध्ये हिंडत होते. लिफ्ट बंद, डोकं भणभणलेलं. चौथ्या मजल्यावर एका घराचं दार सुनेने उघडलं. तिच्या कानात हेडफोन होते, लॅपटॉपवर ऑफिसची मीटिंग चालू होती. तिने खुणेनेच बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि पुन्हा मीटिंगमध्ये शिरली. यादीत त्या घरात तीन नावं होती: नवरा, बायको आणि नवऱ्याचे वडील. वडील समोरच्या भिंतीवर होते. सफारीतला मोठा फोटो, त्याला चंदनाचा हार, वर बारीकसा लाल दिवा. हार घातलेल्या फोटोसमोर आपल्याकडे कुणी चौकशी करतं का? मी हात जोडले आणि ॲपमध्ये ‘मयत’वर बोट टेकवलं. सुनेने न बघताच माझ्या फोनच्या स्क्रीनवर सही केली.

त्या आठवड्यात शाळा सुटताना फाटकावर उभं राहायची पाळी माझी होती. सोमवारी पोरांचा लोंढा ओसरला आणि रस्त्यापलीकडे ते उभे असलेले दिसले. फोटोतली तीच सफारी, तोच भांग. माझ्या वर्गातली एक मुलगी धावत गेली आणि तिने त्यांचं बोट धरलं. टळटळीत दुपार होती, तरी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. भाऊ असेल त्यांचा, असं मनाला बजावलं. मंगळवारी ते पुन्हा आले, आणि या वेळी त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले, परवा मी जोडले होते तसेच. मी उलट नमस्कार केला नाही. मेलेल्या माणसाला तो करतात की नाही, हे डी.एड.ला शिकवत नाहीत. बुधवारी मी पाळी बदलून घेतली. कारण पोटदुखीचं सांगितलं, पण खरं म्हणजे मी घाबरले होते. विज्ञानाच्या बाई भुताला भ्यायल्या, हे ऐकायला शिक्षकखोलीत सगळे टपलेलेच होते.

पुढे काही दिवसांनी पडद्यावर पचनसंस्था शिकवत होते. जठराच्या अगदी मधोमध ॲपची सूचना उघडली. त्यांचाच फोटो, खाली लाल अक्षरं: ‘मयत. नाव वगळले.’ तिसऱ्या बाकावरची तीच मुलगी आनंदाने उभी राहिली.

“बाई, माझे आजोबा टीव्हीवर आले!”

वर्गाने टाळ्या वाजवल्या. तिने खालची अक्षरं वाचायच्या आत मी वायर उपटली. काळ्या पडद्यात मग मी एकटीच दिसत होते, आणि टाळ्या थांबायला तयार नव्हत्या.

मधल्या सुट्टीत मी तिला जवळ घेऊन विचारलं, “आजोबांच्या फोटोला हार का गं घातलाय?”

“तो कंपनीने दिला ना, अंबरनाथच्या! आजोबा रिटायर झाले तेव्हा. मम्मी बोलते काढून टाका, कसंतरी दिसतं. आजोबा बोलतात, कमावलेला हार आहे, राहू दे. वरचा दिवापण त्यांनीच लावलाय, हार दिसावा म्हणून.”

जिवंत माणसाला मी एका बोटाने मारलं होतं. त्याच संध्याकाळी त्यांच्यासाठी नवीन मतदाराचा अर्ज भरायला घेतला आणि सहीसाठी कागद मुलीबरोबर घरी पाठवला. सोबत ‘यादीत दुरुस्ती’ एवढंच लिहिलं. चूक कुणाची, ते लिहायला हात धजावला नाही. सही होऊन आली, अर्ज गेला, पण ॲप तो ‘प्रलंबित’च दाखवत राहिलं. मी दिवसातून दहादा बघायचे.

मतदानाच्या दिवशी केंद्र आमच्याच शाळेत होतं. मी फाटकाजवळ टेबल टाकून यादी घेऊन बसले होते. ते सकाळीच आले, कडक इस्त्रीची सफारी घालून. नाव नव्हतंच. एका पक्षाचा कार्यकर्ता लगेच धावला.

“काका, टेन्शन नका घेऊ. मुद्दाम उडवलंय नाव. समोरच्या पार्टीचा गेम आहे हा. थांबा, व्हिडिओच बनवतो.”

मग समोरच्या पार्टीचा त्याच्या अंगावर आला आणि दोघांची हमरीतुमरी जुंपली. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. गप्प बसले असते तर कुणाला कधीच कळलं नसतं, आणि खोटं कशाला बोलू, गप्प बसायचंच माझ्या मनात होतं.

आजोबा त्या गोंधळातून वाट काढत माझ्या टेबलाशी आले.

“बाई, आजवर एक मतदान चुकवलं नाही मी. नाव काढायचं तर काढा, पण कुणीतरी एकदा घरी येऊन बघायचं तरी होतं.”

“आले होते,” मी म्हणाले. “मीच आले होते. नावही मीच काढलं.”

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

“मी आतल्या खोलीतच होतो, बाई,” ते म्हणाले. “एक हाक मारायची होती.”