वनिताताईंचा उंबरा

ताईंच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी पडघ्याला एका गोदामाच्या पत्र्यावर रेडिओची दिशा लावत होतो. "दादा, आई गेली," एवढंच तो म्हणाला... खाली उतरायला शिडी सापडेना, इतकं सगळं पुसट झालं. त्याला आता महिना होत आला. ताईंच्या राहनाळ गावात शेतांच्या जागी गोदामं उठली, तेव्हा वनिताताई म्हणाल्या होत्या, "जमीन गेली, पन वरचा आभाळ अजून कोनी घेतला न्हाय." छपराछपरांवर रेडिओ बसवून गोदामांचे कॉम्प्युटर बिनतारी जोडायचा धंदा त्यांनी काढला. मी आठवीत शाळा सोडून मराठवाड्यातून आलेला, बायको-लेकरू गावाकडे. कामावर घेताना त्यांनी शिक्षण विचारलंच नाही. "उंचावर चक्कर येते का?" एवढंच विचारलं.

हे रेडिओ दोन रीतींनी लावता येतात, ब्रिज आणि राउटर. ताईंच्या भाषेत ब्रिज म्हणजे मोकळं अंगण. एका कॉम्प्युटरने हाक मारली की ती सगळ्या गोदामांत ऐकू जाते. राउटर म्हणजे उंबरा. बोलणं ज्याचं त्याच्या दारात जातं, पण आधी प्रत्येकाला पत्ता द्यावा लागतो. हमीदभाईंच्या गोदामांत आम्ही अंगणच ठेवलं होतं, सोपं म्हणून. गोदामं वाढली, कॉम्प्युटर वाढले, आणि गाड्या भरायच्या वेळेला नुसता हाकांचा गलका होऊन मालाचं चलन छापेना. ट्रक फाटकापर्यंत तुंबले. हमीदभाई आपल्या ऑफिसच्या दारात येऊन म्हणाले, "ताई, आप लोग अपनेवाले हैं, म्हणून थांबलोय. आज नाही जमलं तर उद्या मुंबईवाले येऊन तुमचे रेडिओचे डबे उतरवतील." ते आमचं सगळ्यात मोठं काम. ते गेलं की माझी नोकरी गेली, आणि बायकोला इकडे आणायचं मी नुकतंच कबूल केलं होतं.

ताई म्हणाल्या, उंबरे बसवू. मला धीर होईना. एक पत्ता चुकला तर अख्खं गोदाम मुकं होणार. "एकेक गोदाम घेऊ. घाबरतोस कशाला, मी हाय ना खाली." एकेक करत गलका थांबला, चलनं सुटायला लागली. शेवटच्या गोदामात मात्र वजनकाटा ऑफिसला दिसेनासा झाला. काट्यावर ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्न मारतोय. मी म्हणालो, "ताई, सगळं परत ब्रिजवर घेतो." त्या काट्याशेजारच्या खोक्यावर शांत बसल्या. काटेवाल्याला विचारलं, हा वजन पाठवतो कसा? तो म्हणाला, पत्ता-बित्ता काही टाकावा लागत नाही, काटाच ऑफिसचा कॉम्प्युटर आपला आपण शोधतो. ताई हसल्या. "म्हंजे याला नुसती हाक मारता येते, पत्ता कलत न्हाय. एवढ्या एकाला अंगनातच राहू दे." तेवढाच दुवा मी ब्रिजवर घेतला आणि ऑफिसच्या पडद्यावर वजन उमटलं.

हमीदभाईंना हे पटेना. "अंगण की उंबरा, एक काय ते ठरवा ना, ताई."

"भाई, तुमच्या घराला दोनी न्हाईत का?"

भाई हसत सुटले. मुंबईवाले आले नाहीत. पुढच्याच महिन्यात बायको-लेकरू आली आणि ताईंच्याच चाळीत आम्हाला खोली मिळाली. पुढे राहनाळपासून वज्रेश्वरीच्या रस्त्यापर्यंत कुणी रेडिओ लावायचा म्हटलं की आधी ताईंना विचारायचे. त्यांच्या हाताखाली शिकलो हे सांगताना माझी मान आपोआप ताठ होते.

परवा हमीदभाईंच्या ऑफिसवरच्या मुख्य रेडिओत काम निघालं. सगळी गोदामं त्यालाच जोडलेली. तो एरवी ताईच बघायच्या, कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. लॅपटॉपवरून त्याच्या सेटिंगमध्ये शिरलो. प्रत्येक रेडिओला नाव द्यायची एक जागा असते. तिथे ताईंनी इंग्रजी अक्षरं जुळवत, एक अक्षर चुकवून, माझ्या गावाचं नाव लिहिलं होतं... सेनगाव. म्हणजे इतकी वर्षं राहनाळची ही सगळी गोदामं माझ्या गावाला जोडलेली होती. काम संपवलं. चुकलेलं अक्षर तसंच ठेवलं.