तणसातली पन्नास कलमं

समजा, तुमच्यासमोर काळ्या मातीत नुकतंच लावलेलं संत्र्याचं कलम आहे. पेन्सिलीएवढं खोड, वर आठ-दहा पानं. ऑगस्टमध्ये पावसानं दडी मारलीय आणि ऊन मार्चसारखं तापतंय. हाताशी भाताचं तणस आहे. ते तुम्ही कुठे आणि कसं टाकाल?

वरूडच्या जानरावांनी ते खोडाला चारही बाजूंनी दाबून भरलं. पन्नासच्या पन्नास कलमांना.

जानराव एकसष्ट वर्षांचे. त्यातली अडतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या संत्र्यांच्या पेट्या भरल्या. तळाला तणस, थराथरात तणस, फटीत तणस. ट्रक कितीही आदळला तरी फळाला डाग लागायचा नाही. फळ तळहातावर घेतलं की आतून पोचट आहे का रसाळ, ते त्यांना कळायचं. झाड मात्र त्यांनी कधी लावलं नव्हतं. यंदा पत्नी मैनाबाईंच्या वाट्याला माहेरचं अर्धा एकर शेत आलं आणि त्यांनी ठरवलं, आपल्या झाडाची एक तरी पेटी भरायची. संत्र्याला फळ धरायला पाच वर्षं लागतात. म्हणजे सहासष्टाव्या वर्षी.

मग पाऊस परतला आणि बारा दिवस उघडलाच नाही.

"अजी, पानं पिवळी पडून राह्यली," मैनाबाई म्हणाल्या.

जानरावांनी आणखी तणस भरलं. तरी पानं गळायला लागली, तेव्हा ते शेंदूरजनाघाटला गेले आणि कलमं जिथून आणली होती त्या रोपवाटिकेतल्या नागसेनला गाडीवर बसवून घेऊन आले.

नागसेननं मूठभर तणस उपसलं. आतून कोमट, आंबूस वास आला. खोडाची साल उकडलेल्या बटाट्यासारखी सुटत होती.

"काका, झाड लावलं का पेटी भरली?"

जानराव हसले नाहीत. "उन्हापासून झाकलं ना बाप्पा. मेलं काय?"

"खोडाले हवा लागते. तणस वीतभर दूर, गोल टाकायचं असते."

तिघांनी मिळून सगळं तणस मागे ओढलं. नागसेन एकेका खोडाला नखानं खरवडत गेला. आत हिरवं दिसलं की पुढे. एकोणचाळीस हिरवी निघाली. अकरांचं त्याला सांगता येईना. त्यांना त्यानं बुरशीवरचं निळसर बोर्डो मलम फासलं आणि एकाच्या खोडावर, कलम जिथे बांधलेलं त्या सांध्यावर बोट ठेवलं.

"हे पाहा. याच्या खाली जंबेरी लिंबू, वर संत्रा. वरचं मेलं अन् खालून जंबेरी फुटली तं झाड मस्त वाढीन, हिरवंगार दिसीन. पाच वर्षांनी फळ येईन ते आंबट जंबेरीचं."

"अन् तोवर मी तिलेच पाणी घालत राहीन?"

"काहून घालता? सांध्याखाली फुटवा दिसला का मोडून टाका."

तेव्हापासून जानराव रोज सकाळी चहाआधी त्या अकरांपाशी उकिडवे बसतात.

"पोरीच्या बारावीच्या निकालाले इतके नाही घाबरले तुमी," मैनाबाई म्हणतात. पण मागून त्याही येतात.

सात कलमं वाळली. तिघांना सांध्याच्या बऱ्याच वर पालवी आली. उरलेल्या एकाला गेल्या सोमवारी तांदळाच्या दाण्याएवढा फुटवा आला, तो नेमका सांध्यावर. मलमाच्या थराखाली तो वरून निघालाय का खालून, दिसत नाही. मोडला आणि संत्रा असला तर स्वतःच्याच हातानं मारल्यासारखं. ठेवला आणि जंबेरी निघाली तर पाच वर्षं गेली. फोटो पाहून नागसेन म्हणाला, "थांबा, पान उघडू द्या. पानाच्या वासावरून कळते."

आज पान उघडलं. नखाएवढं. जानरावांनी त्याचा कोपरा चुरडून हुंगला. बंद पेटीतलं सडकं फळ वासावरून ओळखणारं नाक त्यांचं. पण पान त्यांनी आजवर कधी हुंगलं नव्हतं. त्यांनी बोट मैनाबाईंच्या नाकाशी नेलं.

"सांग व, हे आपलं हाये का जंबेरीचं?"