मुलुंड ते घोटी: जीपमागे कॅरॅव्हॅन जोडून

आईच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि तिचं बसणंच बंद झालं. चार पावलं चालायची, बाकी वेळ आडवी. घोटीजवळचं तिचं माहेर मुलुंडहून शंभरेक किलोमीटर, पण सहा वर्षं ती तिकडे फिरकली नव्हती. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाबा मुलुंडच्या एका वर्कशॉपात ट्रकच्या बॉड्या बांधायचे. एका रविवारी म्हणाले, "तुझ्या आईला झोपवूनच माहेरी नेऊ. चाकांवर खोली बांधतो."

पाच महिन्यांत खोली उभी राहिली. पत्र्याची, खिडकीला जाळी, आत पलंग आणि स्टोव्हपुरता ओटा. ओढायला वर्कशॉपच्या मालकांची जुनी जीप. मी तेव्हा बावीस वर्षांची, घाटकोपरच्या एका ऑफिसात टायपिस्ट. सुट्टीत बाबांना पाने-पकडी द्यायचे आणि दिसेल त्या वस्तूबद्दल "हे कशाला?" विचारायचे. आरसे लांब दांड्यांवर कशाला? कारण खोली जीपपेक्षा रुंद. साध्या आरशात नुसता पत्रा दिसला असता. मागच्या दिव्यांची वायर जीपला का जोडायची? ब्रेक आपण दाबणार, पण मागच्या ट्रकवाल्याला दिसणार खोलीची पाठ.

नोंदणीसाठी आरटीओचे साहेब तपासायला आले ते वर्तमानपत्र पसरून सरळ खोलीखाली शिरले. जीपच्या हुकात खोलीची दांडी पिनने अडकवलेली होती, शिवाय एक साखळी. साहेब म्हणाले, "दोन लावा. फुलीसारख्या, दांडीच्या खालून."

"फुली का?" मी विचारलं.

त्यांनी दोन्ही मनगटं एकमेकांवर टेकवली. "पिन गेली तर दांडी या झोळीत पडेल. रस्त्यात खुपसणार नाही." मग बाबांकडे वळून विचारलं, "पलंग कोणासाठी?"

"बायकोसाठी. तिला बसता येत नाही."

"गाडी उभी असताना झोपू देत. चालू असताना ओढत्या खोलीत माणूस बसवायचा नाही. कायद्यात नाही, आणि मीही सही करणार नाही."

बाबा घरी येऊन जेवले नाहीत. सगळा खटाटोप त्या पलंगासाठीच होता. शेवटी आईच म्हणाली, "अहो, जीपच्या मागच्या बाकड्यांवर फळी टाका की. मी तिथे पडते." फळी टाकली, वर दोन गाद्या घातल्या, आणि खोली रिकामी न्यायची ठरली.

डिसेंबरात पहाटे निघालो. ठाणे ओलांडेपर्यंत खोली शेपटासारखी डुलत होती. बाबांनी कडेला थांबून पाण्याचं पिंप मागच्या कोपऱ्यातून चाकांच्या वर आणलं, आणि डुलणं थांबलं. ओझं मागे गेलं की शेपूट हलतं, हे तेव्हा कळलं. भिवंडी, पडघा, वेग तीस-पस्तीस. शहापूरला चहा आणि गरम भजी. तिथे आई तासभर खोलीतल्या पलंगावर पडली. तिला पाहायला हॉटेलातली निम्मी गिऱ्हाइकं खिडकीशी आली. निघताना ती दुखण्याची गोळी घेऊन जीपमध्ये झोपली. धूळ नको म्हणून मी मागची ताडपत्री सोडली.

कसारा घाटात तिसऱ्या-चौथ्या वळणावर जोरात हिसका बसला. बाबांनी ब्रेक दाबला आणि हाताने खूण केली. मी लाकडी ठोकळे घेऊन उडी मारली, खोलीच्या चाकांमागे सारले. मग वाकून पाहिलं. पिन मधोमध तुटली होती. दांडी साहेबांनी सांगितलेल्या झोळीत टेकली होती आणि अख्खी खोली त्या दोन साखळ्यांवर लटकली होती. डावीकडे दरी.

मागचा ट्रकवाला उतरून आला. त्याने आधी मोठा दगड लावला, मग विचारलं, "आत कोणी नाही ना?"

"नाही," बाबा म्हणाले.

जादा पिन होती म्हणून अर्ध्या तासात निघालो. घोटी जवळ आल्यावर आईने डोळे उघडले तेव्हा बाबा म्हणाले, "टायर दगडावर चढलं होतं, काही नाही." मला त्यांनी आधीच दटावून ठेवलं होतं.

मामाच्या अंगणात खोली चार दिवस उभी होती. नवा तांदूळ, नागलीची भाकरी, वालाची उसळ. गावातल्या बायका एकेक करून आत येत, आईच्या उशाशी टेकत. एकीने तिचे केस विंचरून दिले. आई इतकी बोलली की तिचा घसा बसला. बाबा मात्र दिवसातून तीनदा पिन तपासायला जीपमागे जायचे.

परतीचा घाट नीट उतरलो. मुलुंडला पोचलो त्या संध्याकाळी आई म्हणाली, "ती तुटलेली पिन दाखवा बघू."

बाबा माझ्याकडे बघायला लागले.

"ही काही बोलली नाही. ताडपत्रीच्या फटीतून सगळं दिसत होतं. त्या ट्रकवाल्याचं बोलणंही ऐकलं मी."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तुम्ही तिथूनच मागे वळला असता."

बाबांनी खिशातून दोन तुकडे काढून तिच्या तळहातावर ठेवले. आईने ते जुळवून पाहिले आणि परत त्यांना दिले.

कॅरॅव्हॅन ओढायला काय काय लागतं, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. आता हुक आणि ब्रेक खूप सुधारलेत. नोंदणी, दिवे, आरसे, ठोकळे, फुलीतल्या साखळ्या, यातलं काही टाळू नका. आईची पाठ काही बरी झाली नाही. पण पुढच्या डिसेंबरात तिने स्वतःच विचारलं, "फळी कुठे ठेवलीय?" आणि बाबा लगेच उठले.