मानेवरून ओळखलेला माणूस

आठवड्याचे सहा दिवस मास्तर लोकांची डोकी भादरायचे आणि सातव्या दिवशी त्याच लोकांकडून स्वतःचा उद्धार करून घ्यायचे. एकोणीस वर्षं हे असं सुरळीत चाललं होतं. दुकानात दोन खुर्च्या, एक त्यांची आणि एक धाकट्या भावाची. रविवारी दुकान बंद, आणि मास्तर काळी चड्डी, काळा सदरा घालून फुटबॉलच्या मैदानात रेफरी. गल्लीत त्यांना सगळे शिट्टीमास्तर म्हणत, आणि त्यांनाही ते आवडत असे, हे खोटं कशाला बोला.

त्यांचा एक तोरा होता. बाकीचे रेफरी खेळाडूच्या पाठीवरचा नंबर बघतात, मला त्याची गरज नाही, असं ते गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता सांगत. दोन्ही संघांतली निम्मी डोकी आपल्या हाताखालून गेलेली. पाठमोरा माणूस मानेवरून ओळखतो, तेही धावताना. हे खरंच होतं. त्यांनी हे इतक्यांदा करून दाखवलं होतं, की आपण कधी चुकू हे त्यांच्या मनातही यायचं बंद झालं होतं. माणूस पडतो तो अशाच ठिकाणी.

त्या रविवारी पुलाअलीकडचे आणि पुलापलीकडचे, असा सामना होता. मास्तरांचं दुकान अलीकडे, घरही अलीकडे. सत्त्याहत्तरावं मिनिट, एक-एक अशी बरोबरी. पलीकडच्यांना कॉर्नर मिळाला, चेंडू उंच आला आणि अलीकडच्यांच्या गोलसमोर दहा-बारा जणांची झिम्मड उडाली. त्या झिम्मडीत अलीकडच्या एका बचावपटूने पलीकडच्याच्या नाकावर कोपर हाणलं. मास्तरांनी ते स्वच्छ पाहिलं, पाठीमागून, आठ पावलांवरून. मारणाऱ्याच्या मानेवर केसांची सरळ चौकोनी कड होती, जुन्या पद्धतीची. असा चौकोन गावात एकच माणूस ठेवायचा, तो म्हणजे पोस्टमन, आणि तो ठेवायचे मास्तरच. त्यांनी शिट्टी फुंकली, पेनल्टी दिली, आणि गर्दीतून वाट काढत जाऊन पोस्टमनसमोर लाल कार्ड धरलं.

पोस्टमन म्हणाला, “मी नव्हतो, सर.” हे सगळेच म्हणतात. पण पोस्टमन चौदा वर्षांत काहीच म्हणाला नव्हता, कारण चौदा वर्षांत त्याला साधं पिवळं कार्डही मिळालं नव्हतं. तो मान खाली घालून बाहेर गेला. पलीकडच्यांनी पेनल्टीवर गोल केला, अलीकडचे दोन-एकने हरले, आणि प्रेक्षकांतून बाटल्या यायला लागल्या.

सोमवारी दुकान उघडायला गेले तर शटरवर खडूने मोठा डोळा काढलेला, त्यावर फुली. धाकट्याने ओल्या फडक्याने पुसला. दुपारी पुन्हा काढला गेला. अलीकडच्यांचं म्हणणं एकच, आणि ते सगळे एका सुरात म्हणत होते: कुणी कुणाला मारलंच नाही, पलीकडचा नाटक करून पडला, पेनल्टी खोटी. कुणी म्हणे मास्तर विकले गेले. कुणी म्हणे त्यांच्या घराच्या दुरुस्तीचं सामान पलीकडून येतंय. घराच्या मोरीचा नळ महिनाभर गळत होता, पण अफवेला नळाचं काय घेणं. वीस वर्षांची गिऱ्हाइकं समोरून जाताना फुटपाथ बदलू लागली. आणि पुलापलीकडची चार माणसं मुद्दाम पूल ओलांडून दाढीला आली, मास्तरांचा हात हातात घेऊन वाहवा करून गेली. ती वाहवा शिव्यांपेक्षा जास्त बोचली.

मास्तर तरी शांत होते. पेनल्टी बरोबर होती. नाकाचं हाड मोडलं होतं, नाटक करून कुणाचं हाड मोडत नाही. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं ते धाकट्याला म्हणाले.

मंगळवारी सकाळी पोस्टमन टपाल घेऊन आला. गल्ली त्याच्याच वाटणीची होती, टाळून टाळणार कशी. पिशवीतून त्याने सात पुडकी काढली, सगळी मास्तरांच्या नावाची. रजिस्टर केलेली, सही घेऊनच द्यायची. मास्तरांनी पहिलं फोडलं, आत जुना चष्मा. दुसऱ्यात चष्मा. कुणीतरी म्हातारीचा, एका काडीला दोरा बांधलेलाही पाठवला होता. पोस्टमनने सातही सह्या मुकाट्याने घेतल्या. तक्रार नाही, टोमणा नाही. मग खाली पडलेली पावती उचलायला तो वाकला आणि मास्तरांना त्याची मान दिसली.

मानेवर केस कॉलरपर्यंत आले होते. चौकोन कुठेच नव्हता, कधीचाच बुजून गेला होता. पोस्टमनने केस कापून तीन आठवडे झाले होते. कापणारे मास्तरच, त्यांनी मनातल्या मनात दिवस मोजले. आणि रविवारी पाहिलेली ती कड तर ताजी होती, वस्तऱ्याने ओढलेली, फार तर दोन दिवसांची. पोस्टमन निघून गेला तरी ते हातात कात्री धरून उभे होते, आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने दोनदा विचारलं, झालं का म्हणून.

दुपारी त्यांनी धाकट्याला विचारलं, शुक्रवारी कुणाकुणाचे केस कापलेस. धाकट्याने बोटांवर मोजले. पाचवं नाव वेल्डरचं निघालं. वेल्डरही अलीकडच्यांच्या बचावातलाच, पोस्टमनच्याच उंचीचा, तसाच रुंद. त्याचं लग्न ठरलं होतं आणि होणाऱ्या सासऱ्यांना जरा सभ्य दिसावं म्हणून तो म्हणाला होता, पोस्टमनसारखे काप. धाकट्याला मोठा अभिमान, मास्तरांचा चौकोन त्याला पहिल्यांदाच जमला होता.

“जमला,” मास्तर म्हणाले. “माझ्याही डोळ्यांना फसवण्याइतका जमला.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही. आणि त्यातली गंमत अशी, की संन्याशाची बाजू घेणारं कुणीच नव्हतं. अलीकडचे सगळे ओरडत होते की कोपर लागलंच नाही. मग ते वेल्डरने मारलं असं कोण म्हणणार? तसं म्हटलं की कोपर लागलं हे कबूल, म्हणजे पेनल्टी खरी, म्हणजे हरलो ते रीतसर हरलो. आपलेच दात आणि आपलेच ओठ. वेल्डर गप्प, संघ गप्प. पोस्टमनला तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मारामारीच्या लाल कार्डाला तीन सामन्यांची बंदी. हंगामातले तीनच सामने उरले होते. पोस्टमनचं वय चौतीस, गुडघा गेलेला. हा हंगाम शेवटचा असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे मास्तरांनी त्याला एका सामन्यातून नाही, खेळातूनच बाहेर काढलं होतं, आणि तेही चौदा वर्षांच्या स्वच्छ पाटीवर शेण फासून.

चूक सुधारायची सोय होती. रेफरीचा सविस्तर अहवाल बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत लीगच्या कचेरीत द्यायचा असे. त्यात ‘कार्ड चुकीच्या खेळाडूला दाखवलं गेलं’ असं लिहिलं, की बंदी खऱ्या माणसावर जायची. पाच वाजून गेले की कागद बंद. पण चुकीच्या माणसाला कार्ड दाखवणारा रेफरी वर्षभर यादीबाहेर, हाही लीगचाच नियम. मास्तरांना चौपन्न पूर्ण झाली होती आणि पंचावन्नला निवृत्ती. वर्षभर बाहेर म्हणजे कायमचं बाहेर.

मंगळवारची ती संध्याकाळ मास्तरांना बसू देईना. ते खुर्चीत बसले, उठले, पट्ट्यावर वस्तरा घासत राहिले, कुणी दाढीला आलेलं नसताना. एका नेहमीच्या माणसाच्या कानामागे कापलं. वीस वर्षांत त्याला कधी तुरटी लावायची वेळ आली नव्हती. धाकट्याच्या लक्षात आलं. शटर ओढून त्याने सांगायला सुरुवात केली.

त्याचं म्हणणं वेडं नव्हतं. तो म्हणाला, दादा, तू कार्ड चुकलं असं लिहिलंस की लोक फक्त ‘चुकलं’ एवढंच वाचतील. कार्ड आणि पेनल्टी हा फरक कोण करत बसतं? बघा, स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, असं म्हणतील, आणि एकोणीस वर्षांतली तुझी सगळ्यात बरोबर शिट्टी गावात कायमची खोटी ठरेल. हात दाखवून अवलक्षण कशाला? पोस्टमन स्वतः तरी कुठे काही बोलतोय.

मास्तरांना शिट्टी जाण्याचं दुःख होतंच, पण खरं दुखणं हे होतं. धाकट्याने बरोबर त्याच्यावरच बोट ठेवलं होतं.

घरी बायकोने ताट वाढलं आणि त्यांनी ते चिवडत ठेवलं तेव्हा तिने कारण विचारलं. ती इस्पितळाच्या धुलाईखात्यात काम करायची, दिवसभर दुसऱ्यांचे डाग काढून आलेली. तिला लांबण आवडत नसे. मास्तरांनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “पण पेनल्टी बरोबर होती गं.”

“असेल,” ती म्हणाली. “अहो, पण ती बरोबर होती याची शिक्षा पोस्टमनला का?”

मास्तरांना तिचा राग आला, जेवण तसंच सोडून ते उठले.

बुधवारी त्यांनी अहवाल तीनदा लिहिला. पहिल्यात पोस्टमनचा उल्लेख टाळला, म्हणजे लांडीलबाडीच. दुसऱ्यात स्वतःची इतकी बाजू मांडली की ते कागद वाचून त्यांनाच लाज वाटली. तिसरा चार ओळींचा होता. पेनल्टी दिली ती योग्य होती. कोपर वेल्डरने मारलं. कार्ड पोस्टमनला दाखवलं, कारण मी नंबर पाहिला नाही. चूक माझी. साडेचारला दुकान धाकट्यावर टाकून ते कचेरीत गेले. सचिवांनी कागद वाचला, चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं की याचा अर्थ तुम्हाला कळतो ना. मास्तर म्हणाले, नियम मला तोंडपाठ आहेत. सचिवांनी शिक्का मारला, पोस्टमनची बंदी वेल्डरच्या नावावर टाकली आणि मास्तरांचं रेफरीचं ओळखपत्र परत मागितलं.

धाकटा म्हणाला होता तसंच झालं. शुक्रवारपर्यंत गल्लीभर एकच: मास्तरांनी चूक कबूल केली, बघा, आम्ही म्हणतच होतो, पेनल्टी खोटीच होती. चष्मे यायचे थांबले. त्याऐवजी माणसं आली, मोठ्या मनाने माफ करायला. जाऊ द्या मास्तर, होतं असं, वयही झालं. मास्तर पहिल्या दिवशी प्रत्येकाला समजावत बसले की कार्ड वेगळं, पेनल्टी वेगळी. लोक मान डोलवायचे, आजाऱ्याच्या उशाशी बसून डोलवतात तशी. दुसऱ्या दिवशी त्यांनी समजावणं सोडलं.

त्याच शनिवारी पोस्टमन आला. टपाल नव्हतं, नुसताच आला. धाकटा पाणी आणायला मागे गेला होता, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. पोस्टमन दारातच उभा राहिला.

“मास्तर, कोपर लागलं होतं,” तो म्हणाला. “मी शेजारीच होतो. पेनल्टी बरोबर होती.”

सहा दिवसांत हे वाक्य त्यांना सांगणारं अलीकडच्या संघातलं पहिलं माणूस समोर उभं होतं, आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी स्वतःला सावरून विचारलं, “हे मैदानात सांगशील? सगळ्यांसमोर?”

पोस्टमनने टोपी काढून हातात फिरवली. “अजून तीन सामने त्यांच्यातच खेळायचंय मला. ते झाले की सांगेन.”

तीन सामने झाले. मास्तर तिन्हींना गेले, दोरीच्या बाहेर, कधी या टोकाला कधी त्या टोकाला. एका जागी उभं राहणं त्यांना जमेना. आत नवा रेफरी पळत होता आणि चुकत होता, आणि आजूबाजूचे त्याच्या आईचा उद्धार करत होते. शेवटच्या सामन्यानंतर अलीकडच्यांनी पोस्टमनला खांद्यावर घेतलं, मग खाली उतरवून हातात माइक दिला. मास्तर गर्दीत पुढे सरकले. पोस्टमनने संघाचे आभार मानले, प्रशिक्षकाचे मानले, आईचे मानले, मैदान आखणाऱ्या माळ्याचेही मानले. मध्ये एकदा त्याची नजर मास्तरांवर पडली आणि तिथेच थोडी थांबली. मग तो म्हणाला, “बाकी काय बोलू, चूकभूल माफ करा,” आणि टाळ्या पडल्या.

मास्तर घरी आले. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने विचारलं, “बोलला का?”

“नाही.”

“मग?”

“मग काय. कोपर त्याने मारलं नव्हतं, एवढंच मी लिहिलं होतं. बदल्यात काही मागितलं नव्हतं.” ते बसले, पुन्हा उठले, खिडकीपर्यंत जाऊन आले. “पण वाट पाहिली गं मी. तिन्ही रविवार वाट पाहिली.”

बायकोने हातातली घडी तशीच ठेवली आणि त्यांच्यासाठी जागा करून दिली.