तिच्या एकटीची साक्ष

मी मेलबर्नमध्ये मराठी दुभाषी आहे. बहुतेक कामं दवाखान्यातली असतात. गुडघे, साखर, बीपी. कोर्टाचं बोलावणं क्वचित येतं. एकदा कोर्टात साक्षीदारांना आधार देणाऱ्या एका बाईंचा फोन आला. "तक्रार करणाऱ्या मुलीचं इंग्लिश उत्तम आहे," त्या म्हणाल्या, "दुभाषी तिच्या आईसाठी हवीय."

मुलगी क्लेटनच्या युनिव्हर्सिटीत शिकत होती आणि शनिवार-रविवार एका दुकानात शिफ्ट करायची. तिथल्या मॅनेजरने मागच्या स्टोअररूममध्ये आपल्यावर दोनदा जबरदस्ती केली, अशी तिची तक्रार होती. दोन्ही वेळा तिथे तिसरं कोणी नव्हतं, कॅमेराही नव्हता. तिची साक्ष वेगळ्या खोलीतून, स्क्रीनवरून झाली होती. आता जज निकाल देणाऱ्या बारा नागरिकांच्या ज्युरीला कायदा समजावून सांगणार होते, आणि तो ऐकायला आई नागपूरहून आली होती.

"जय भीम, ताई," त्या मावशी म्हणाल्या आणि सरकून मला जागा दिली. आम्ही कोर्टातल्या शेवटच्या बाकावर बसलो. हळू बोलायची परवानगी मी आधीच घेतली होती.

जज संथपणे बोलत होते, मी कानाशी कुजबुजत होते. "या खटल्यात तिच्या सांगण्याला दुसऱ्या कोणाचा दुजोरा नाही. तो असलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. तिचं म्हणणं तुम्हाला खरं वाटलं आणि वाजवी शंका उरली नाही, तर तेवढ्यावर तुम्ही दोषी ठरवू शकता."

मावशींनी माझं मनगट धरलं. "परत सांगा."

मी परत सांगितलं.

"तिच्या एकटीचं चालते?"

"चालतं."

मग जज म्हणाले, सगळा खटला तिच्या शब्दावर उभा आहे, म्हणून तो शब्द नीट पारखून घ्या. शंका उरली तर आरोपीला सोडावंच लागेल. त्याने काही सिद्ध करायची गरज नाही. हेही मी तसंच सांगितलं. त्यातलं काही गाळायचा मला हक्क नाही. मनगटावरची पकड सुटली नाही.

एका वकिलाने मला मागे सांगितलं होतं, की पूर्वी जज ज्युरीला बजावायचे, अशी तक्रार करणाऱ्या बाईच्या एकटीच्या शब्दावर विसंबणं धोक्याचं आहे. आता इथला कायदा त्यांना तसं बोलू देत नाही.

लंच ब्रेकमध्ये आम्ही कॉरिडॉरमध्ये बसलो. मावशी म्हणाल्या, "तिनं फोन करून सांगितलं न ताई, तेव्हा मी पहिलं काय विचारलं माहीत आहे? कोणी पाहिलं का, म्हणून. तिनं फोन ठेवून दिला. पंधरा दिवस बोलली नाही." पदराने त्यांनी डोळे पुसले. "मी माय असून साक्षीदार मागितला."

दुभाष्याने स्वतःचं काही बोलायचं नसतं, म्हणून नुसती बसून राहिले.

तेवढ्यात मुलगी आली, हातात दोन कॉफ्या. "आई, जज काय म्हणाले? समजलं ना सगळं?"

"समजलं." मावशी उठल्या. "मला तुझं त्याच दिवशी पटलं होतं, बेटा. तोंडातून भलतंच निघालं."

मुलीने कॉफ्या बाकावर ठेवल्या. "आय नो, आई," ती म्हणाली आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मी उठून खिडकीकडे गेले. खाली ट्रॅम उभी होती, तिच्याकडे बघत राहिले.

निकाल तिसऱ्या दिवशी लागला. एका आरोपात दोषी, दुसऱ्यात नाही. मावशी घाबरल्या. "म्हणजे दुसरं खोटं ठरलं?" मी त्यांचा प्रश्न सरकारी वकिलांना विचारला. वकीलबाई मावशींसमोर वाकून म्हणाल्या, "नाही. त्या एका गोष्टीत ज्युरीची पुरेशी खात्री पटली नाही, एवढंच." मी ते मराठीत सांगितलं, आणि मावशींच्या सांगण्यावरून आणखी एकदा.

बाहेर ऊन होतं. मुलगी रडत होती आणि मधेच हसतही होती. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, मला खूप भूक लागलीय."

"ताई, तुम्हीही चला," मावशी म्हणाल्या. माझं काम संपलं होतं, म्हणून गेले.