शिल्पानं वाचलेलं शेवटचं प्रकरण

शिल्पा हिलमकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते तिनं हात वर केला म्हणून. रोह्याच्या वाचनालयात आमचं वाचक मंडळ महिन्यातून एका रविवारी सकाळी बसतं. तिथे हात वर करण्याची पद्धत नाही. सगळे एकमेकांचं वाक्य तोडून बोलतात. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी पेणला राहते, पण या भांडणाच्या ओढीनं एसटी पकडून रोह्याला जातेच. त्या दिवशी दाराजवळच्या खुर्चीत मांडीवर पिशवी धरून पंचविशीची एक मुलगी बसली होती. तिचा हात बराच वेळ वर असावा, कारण दुसऱ्या हातानं तिनं त्याला कोपराखाली आधार दिला होता.

पुस्तक होतं 'फोर्टातला पंचाक्षरी'. मुंबईत एका जुन्या इमारतीत कचेरी थाटलेला मांत्रिक पोलिसांना न सुटलेले गुन्हे मंत्रानं सोडवतो, अशी कादंबरी. ड्रायव्हर नसलेली टॅक्सी, लिफ्टमध्ये अडकलेलं भूत, साक्षीला बोलावलेली हडळ, असं सगळं त्यात आहे.

"शेवट म्हणजे कळस!" पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले हैबतराव म्हणत होते. "चाळीत पोरं आजारी पडतायत. हा कापूर पेटवतो, आरशात म्हातारीचा चेहरा, की घेतलं नाव. खल्लास!"

"काका, गुप्तहेराला पुरावा लागतो," कॉलेजात शिकवणारी मृणाली म्हणाली. "आरशात चेहरा दिसला, ही लबाडी झाली लेखकाची."

"अगं, मांत्रिक आहे तो. बोटांचे ठसे घेत बसेल का?"

"तुमच्या गाडीला लिंबू-मिरची लटकते ना, म्हणून तुम्हाला पटतंय."

सगळे हसले. हैबतरावही हसले, जरा उशिरा. मी म्हटलं, "त्या मुलीला बोलू द्या."

शिल्पा उभी राहिली. "मला मत नाय सांगायचं, इचारायचं हाय. मी हे पुस्तक आमच्या वाडीत मोठ्यानं वाचते. शेवटचं प्रकरण ऱ्हायलंय. ते बदलून वाचलं तर चालंल का?"

"बदलून म्हणजे?"

"म्हातारीचं नाव नाय घेतलं, असं."

"छे, छे! लेखकाशी बेइमानी झाली ती," हैबतराव म्हणाले.

मृणालीनं विचारलं, "पण बदलायचंय कशाला तुला?"

शिल्पानं एकदा दाराकडे पाहिलं. "आमच्याकडं म्हातारी हाय," ती म्हणाली. "आणि भगत पण हाय."

मग तिनं सगळं सांगितलं. रोहा आणि कोलाडच्या मधे, कुंडलिका नदीच्या वरच्या अंगाला त्यांची कातकरी वाडी. शिल्पा आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकली, लग्न होऊन या वाडीत आली. नवरा डोलवीच्या पोलाद कंपनीत ठेकेदाराकडे, सुट्टी मिळेल तेव्हा घरी. घरात ती आणि सासू सीताबाई. वाचनालयातून नेलेली पुस्तकं ती रविवारी दुपारी समाजमंदिराच्या ओट्यावर वाचून दाखवायची. ऐकणारे वाढत गेले तशी एक रीतही बसली. प्रकरण संपलं की प्रत्येकानं आपलं मत सांगायचं, आणि सोमा भगतानं सगळ्यात शेवटी. त्याच्यानंतर कोणी बोलायचं नाही. वाडीच्या बैठकीत हाच शिरस्ता आहे, तोच पुस्तकाला लागला. वाचणारीला मत नाही; तिनं फक्त वाचायचं.

हे पुस्तक वाडीला भारी आवडलं. घोळ झाला तो त्यामुळेच. सोमा ताप उतरवायचा, विंचू उतरवायचा, पण करणी केली म्हणून जिवंत माणसाचं नाव त्यानं आजवर कधी घेतलं नव्हतं. आता लोक त्याला चिडवू लागले, की मुंबईचा बुवा प्रत्येक प्रकरणात नाव काढतो, तुला काय झालंय? त्याच दिवसांत रमेश नावाच्या तरुणाच्या शेळ्या मरायला लागल्या. जनावरांचा डॉक्टर येऊन सुया टोचून गेला, तरी आणखी एक मेली. सीताबाईला दिसेल त्या शेळीला पाला घालायची सवय. रमेशच्या शेळ्यांनाही ती रोज घालायची. रमेश सोमाकडे गेला आणि म्हणाला, नाव काढ. सोमा म्हणाला, "आधी पुस्तक संपू दे. शेवटाला काय व्हतं ते बघू."

"म्हणजे शेवट ऐकला की तो नाव घेणार, असं सगळ्यांनी धरलंय," शिल्पा म्हणाली. "आणि एकदा नाव घेतलं की म्हातारी वाडीत ऱ्हायची नाय. पाण्याचा हांडा बंद, बसणं-उठणं बंद."

"कायदा आहे याला," मृणाली म्हणाली. "पोलिसांत जा सरळ."

"ताई, पोलिसांची गाडी आमच्या दारात उभी ऱ्हायली की नाव घेतल्यासारखंच झालं."

हैबतराव चष्मा पुसत बसले. शिल्पानं मला विचारलं, "बाई, तुम्ही याल? आजच वाचायचंय."

वाडीकडे जाताना रिक्षात ती पुस्तक उघडून बसली होती, पण पान उलटत नव्हती.

"काय ठरवलंस?" मी विचारलं.

"अजून नाय."

ओटा भरलेला होता. सोमा भगत भिंतीशी बसला होता, साठीचा, शिडशिडीत, डोक्याला लाल रुमाल. रमेश अगदी पुढे, गुडघे उभे धरून. त्याची बायको कमळी बायकांत मागे. सीताबाई खांबाला टेकून बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंना जागा सोडलेली होती. एरवी त्या ओट्यावर मांडीला मांडी लागते. मला पाहून ती सरकली आणि हातानंच जमीन झाडून म्हणाली, "बस गो बाय." मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तू वाचलंयस ना? तो बुवा शेवटी लगीन करतो का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"वाटलंच मला," ती हिरमुसून म्हणाली.

शिल्पा वाचायला लागली. तिचा आवाज स्वच्छ होता. मी पुस्तक वाचलेलं असल्यानं मला प्रत्येक ओळ येताना आधीच दिसत होती. चाळ आली, आजारी पोरं आली, कापूर पेटला. बायकांनी पदर तोंडाला लावले. आरसा धुरकटला, मग स्वच्छ झाला. इथे शिल्पा थांबली. मला वाटलं, आता बदलणार. रमेशला वाचता येतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं, तिला होतं. तो बसला होता तिथून पान दिसत होतं.

"थांबलीस कशाला? वाच की," तो म्हणाला.

तिनं वाचलं. जसं छापलंय तसंच. पंचाक्षरीनं म्हातारीचं नाव घेतलं, चाळ गोळा झाली, म्हातारी जिना उतरून गेली. पुढच्या पानावर पंचाक्षरी इराण्याकडे चहा पीत बसलेला असतो, आणि कादंबरी संपते.

सीताबाई समोर बघत होती. तिचा हात जमिनीवर होता, तो तिनं उचलून मांडीवर घेतला.

"माझं मत सांगतो," रमेश म्हणाला. "बुवा मर्द हाय. त्यानं नाव घेतलं आणि पोरं वाचली. आता आपल्या भगताला पण शेवट समजला. काय?"

दोघातिघांनी माना हलवल्या.

"मला पण मत हाय," शिल्पा म्हणाली.

"तू वाचणारी गो, तुला कसलं मत?" मागून कोणीतरी म्हणालं.

"हाय. ती बाई जिना उतरली. त्या राती ती निजली कुठं? पुस्तकात नाय. तुम्ही सांगा."

"आता ते कसं सांगायचं?"

"टॅक्सी डायवरबिगर चालंल का नाय, त्याच्यावर दोन रविवार भांडलात. हे पण सांगा."

कोणीतरी हसलं.

"माहेरी गेली असंल," एक बाई म्हणाली.

"ह्या वयात माहेरी कोण ऱ्हायलंय तिचं?"

"ठेसनावर निजली असंल, बाकड्यावर."

"ठेसनावर निजू देतात व्हय? पोलिस उठवतो दांडक्यानं."

"लेकीकडं जाईल."

"लेकीची सासू घेईल का घरात? आरशात दिसलेली बाई ती."

रमेश वैतागला. "अरे, खोटी बाई हाय ती! पुस्तकातली!"

"बुवा पण पुस्तकातलाच हाय ना रं?" शिल्पा म्हणाली. तिचा आवाज आता स्वच्छ राहिला नव्हता.

तेवढ्यात मागून कमळी बोलली. रमेशकडे न बघता, खाली बघून. "ती पाणी कुठनं भरंल? एका हांड्याला सुद्धा कोणी हात लावू देणार नाय तिला."

रमेशनं मान वळवून बायकोकडे पाहिलं. मग सगळ्यांनी सोमाकडे पाहिलं, कारण आता त्याचीच पाळी होती आणि त्याच्यानंतर कोणी बोलणार नव्हतं. शिल्पाचं बोट अजून पुस्तकात होतं. ते पांढरं पडलेलं मला दिसलं. शिकवण्याच्या सगळ्या वर्षांत निकाल ऐकणारे पुष्कळ चेहरे मी पाहिले, पण इतका वेळ श्वास धरून बसलेलं कोणी पाहिलं नाही.

सोमानं रुमाल काढला, झटकला, पुन्हा बांधला.

"मुंबईचा बुवा हुशार हाय," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा हुशार. कापूर, आरसा, माझ्याकडं नाय तसलं काय. पण त्याला वाडी नाय. नाव घेतलं, टॅक्सीत बसला, गेला च्या प्यायला. त्याला त्या चाळीत उद्या ऱ्हायचं नाय. मला हितंच ऱ्हायचंय." तो थोडा थांबला. "आणि माझी शेळी पण हिच्याच हातचा पाला खाती. ती मेली नाय."

तो उठला आणि ओटा उतरून घराकडे गेला.

रमेश बसल्या जागी काहीतरी पुटपुटला, पण भगतानंतर बोलायचं नाही ही रीत त्यालाही मोडवली नाही. लोक एकेक करून उठले. कमळी जाताना सीताबाईच्या जवळून गेली, अंतर न ठेवता. सीताबाई मला म्हणाली, "च्या घेऊन जा बाय," आणि सोमा गेला त्या वाटेकडे बघत खांबाला धरून उठली. आज कोणाचं नाव निघणार होतं, ते तिला ठाऊक होतं. मी तिचा दंड धरला. शिल्पा घरात पुढे जाऊन चुलीपाशी बसली होती आणि फुंकणी हातात धरून नुसतीच रडत होती.

सगळं गोड झालं असं नाही. उरलेल्या शेळ्या रमेशनं सासुरवाडीला नेऊन बांधल्या. तो शिल्पाशी अजून बोलत नाही, आणि वाडीतली दोन घरं सीताबाईला दारात उभं करत नाहीत. हैबतरावांनी पुढच्या बैठकीत काय झालं ते विचारलं. मी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "शेवट वाईटच होता म्हणायचा त्या पुस्तकाचा."

शिल्पा सध्या कोलाडला हायवेवरच्या एका हॉटेलात सकाळच्या पाळीला भाकऱ्या भाजते. दुपारी ती वाडीत परतते, तेव्हा सीताबाई वाडीतच, आपल्या घरी असते.